विकिपीडियावर आहे, म्हणजे बरोबरच आहे का?

शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत शाहू जयंती येते. मुलं भाषणं लिहून आणतात. एका वर्षी माझ्या वर्गात दोन तारखा आल्या. एकाने राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ लिहिला, दुसरीने २६ जुलै १८७४. "सर, मोबाईलवर असंच आहे," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. दोन्ही तारखा इंटरनेटवर सापडतात.

बरोबर तारीख २६ जून. राज्यात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. २६ जुलैचाही महाराजांशी संबंध आहे, पण तो १९०२ सालचा. त्या दिवशी करवीर संस्थानात मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला.

मग विकिपीडियावर विश्वास ठेवायचा की नाही? आधी ते चालतं कसं ते बघू. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यातले लेख तुमच्या-माझ्यासारखी माणसं लिहितात आणि कोणीही ते बदलू शकतं. चूक जशी कोणीही घालू शकतं, तशी ती कोणीही काढूही शकतं. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासले. इंग्रजी विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, नावाजलेल्या ब्रिटानिका कोशात तीन. ब्रिटानिकाने ही तपासणी मान्य केली नाही, तरी फरक लोकांना वाटत होता तेवढा मोठा नव्हता. पण इंग्रजीत नजर ठेवणारे खूप आहेत. मराठीत ते कमी, म्हणून चूक जास्त दिवस तशीच राहू शकते.

दुसरीकडे आपला मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. त्यात विषयाचे जाणकार लिहितात आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मात्र पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे काही माहिती जुनी झालेली असते.

मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. लेखाच्या शेवटी 'संदर्भ' आहेत का बघा. 'इतिहास पहा' दाबून लेख कधी आणि किती वेळा बदलला ते बघा. आणि तीच गोष्ट दुसऱ्या पुस्तकात मिळते का बघा. दहा वेबसाइटवर एकच वाक्य दिसलं तर ते दहा पुरावे नव्हेत. बहुतेक वेळा एकाचीच नक्कल बाकीच्यांनी केलेली असते.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली, याची सनद आपल्या आलिमांनी शेकडो वर्षं तपासली. 'कोणीतरी म्हणालं' हे त्यांना चाललं नाही. मग मोबाईलवरच्या ओळीला आपण सनद का विचारू नये?

यात आपलाही स्वार्थ आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग तिचंच. असा इतिहास पुराव्यानिशी आपण लिहिला नाही, तर दुसरं कोणी अर्धवट लिहील, आणि पुढे आपलीच मुलं तेच पाठ करतील. घरात जुनी कागदपत्रं, अहवाल, स्मरणिका असतील तर त्या रद्दीत घालू नका. चूक दिसली तर नुसती नावं ठेवू नका. पुरावा द्या आणि दुरुस्त करा.