टर्बो-इंजिनाची शक्ति वाढवितांना घ्यावयाची खबरदारी

शेतकरी कुटुंबांत मोटार किंवा जीप ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. डिझेलवर चालणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांस टर्बो जोडलेला असतो. घरांतील तरुणांस गाडीची शक्ति वाढवून घेण्याची हौस असते, व थोड्या पैशांत ती पुरविणारे कारागीरही शहरांत भेटतात. ही हौस कोठपर्यंत पुरवावी, व अशा इंजिनांत दोष उद्भवल्यास तो कोणत्या क्रमानें शोधावा, याचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

टर्बोचें कार्य.— स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनीं १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहान चक्रावर आदळून तें फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबल्यानें हवा तापते व तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती थंड करण्यासाठीं वाटेंत इंटरकूलर बसवितात. दाब मर्यादेबाहेर जाऊं नये म्हणून धुराचा कांहीं भाग चक्रास चुकवून सोडणारी झडप पुष्कळ टर्बोंस असते. तीस वेस्टगेट म्हणतात.

शक्ति कशी वाढते.— समुद्रसपाटीस हवेचा दाब सुमारें १ बार असतो. टर्बोनें त्यावर अर्धा बार चढविल्यास व हवा नीट थंड केल्यास जवळजवळ दीडपट हवा सिलिंडरांत जाते. पण हवा वाढली कीं पेट्रोलही त्या मानानें वाढलें पाहिजे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. मात्र पूर्ण भार असतां टर्बो-इंजिनास साधारणतः ११.५ ते १२.५ भाग हवेचें मिश्रण देतात, कारण जास्तीच्या पेट्रोलानें आंतील उष्णता आटोक्यांत राहते. पेट्रोल अपुरें पडल्यास मिश्रण आपोआप पेटून ठोका बसूं लागतो व अखेर पिस्टन फुटतो. डिझेलची गोष्ट उलट आहे. तेथें हवेच्या मानानें इंधन जास्त झाल्यास काळा धूर पडतो, धुराचें तापमान चढतें, आणि पिस्टन व टर्बो यांस धोका पोंचतो. म्हणून गाडीच्या संगणकांतील आंकडे बदलून नुसतें डिझेल वाढविणें हा शहाणपणा नव्हे.

एक उदाहरण.— १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली. ठोका टाळण्यासाठीं तिच्यांत पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण सोडण्याची योजना होती. त्याची टांकी भरण्याची पुष्कळ मालकांनीं हयगय केली. टांकी रिकामी झाली कीं टर्बोचा दाब मर्यादित होई व गाडी दुबळी वाटे. अनेकांनीं टर्बो काढवून साधा कार्ब्युरेटर बसविला, व १९६३ नंतर ती गाडी निघाली नाहीं. निगेवांचून उत्तम यंत्रही टिकत नाहीं.

दोष शोधण्याचा क्रम.— टर्बो बदलणें हा सर्वांत मोठा खर्च. तो शेवटीं करावा. प्रथम पुढील गोष्टी पाहाव्या.

(१) शक्ति कमी व काळा धूर : बहुधा हवा गळत असते. हवा घेण्याचें तोंड बंद करून नळ्यांत बेताचा दाब भरावा व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती समजावी.

(२) दाब प्रमाणाबाहेर चढणें : टर्बोच्या दाबानेंच उघडणाऱ्या वेस्टगेटची रबरी नळी फाटली किंवा निसटली आहे काय, झडप अडकली आहे काय, तें पाहावें. तोंपर्यंत गाडीवर भार घालूं नये.

(३) निळा धूर : तेल जळत आहे. टर्बोंतून तेल परत नेणारी नळी व क्रँककेसची हवा सोडणारी नळी तुंबली आहे काय, हें आधीं तपासावें. नंतरच दांड्यास खेळ आला आहे काय तें पाहावें.

(४) पेट्रोल-इंजिनांत भाराखालीं ठिणगी चुकणें : दाट हवेंतून ठिणगी उडण्यास कठीण जाते. प्लगमधील अंतर किंचित् कमी करावें. ठोका ऐकूं येत असल्यास मात्र दाब उतरवावा, ठिणगी उशिरा पाडावी व अधिक ऑक्टेनचें पेट्रोल वापरावें.

कांहीं नियम.— शक्ति वाढविण्यापूर्वीं प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन मोजून घ्यावा. झिजलेल्या इंजिनावर जादा भार लादूं नये. एका वेळीं एकच फेरफार करावा व तो वहींत टिपावा. दोन फेरफार एकदम केल्यास गुण कशाचा व दोष कशाचा, हें कळत नाहीं. तेल वेळेवर बदलावें. चढ चढून किंवा जड ओझें ओढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें. एकदम बंद केल्यास टर्बोंतील तेल करपून त्याची काजळी धरते. शिवाय, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत फेरबदल करण्यावर निर्बंध घातले आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, वाढलेली शक्ति फुकट मिळत नाहीं. तिची किंमत इंजिन आपल्या आयुष्यांतून देत असतें. ऐन हंगामांत माल बाजारीं न्यावयाचा असतां गाडी बंद पडली, तर चार अश्वशक्तींचा लाभ एका दिवसांत बुडतो. आधीं निगा, मग हौस, हा क्रम शेतकऱ्यानें सोडूं नये.