विश्लेषण : पदवीधराच्या पहिल्या पगारात सरकारचा वाटा किती? लहान उद्योगांना तो मिळतो का?

‘अनुभव असेल तर या’ हे उत्तर नव्या पदवीधराला पाठ झालेले असते. लहान उद्योजकाची अडचणही खरी असते. नवा मुलगा किंवा मुलगी काम शिकेपर्यंत चार-सहा महिने जातात आणि तोवर पगार मात्र पूर्ण द्यावा लागतो. या काळातला काही भार सरकारने उचलावा, हा वेतन अनुदानामागचा साधा विचार आहे. महाराष्ट्रातील तरुणांसाठी सध्या केंद्र आणि राज्य अशा दोन्ही पातळ्यांवर योजना आहेत. मात्र त्यांचे नियम वेगळे आहेत आणि खाचाखोचाही.

केंद्राची योजना नेमकी काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी ९९,४४६ कोटी रुपयांच्या रोजगारसंलग्न प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. पुढे तिचे नाव ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ असे झाले. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना ती लागू आहे. साडेतीन कोटींहून अधिक रोजगारांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

योजनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग कर्मचाऱ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) सदस्य होणाऱ्या आणि महिना एक लाख रुपयांपर्यंत वेतन असलेल्या व्यक्तीला एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर, तर दुसरा बारा महिने पूर्ण करून आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम संपवल्यावर मिळतो.

दुसरा भाग मालकासाठी. नव्या कर्मचाऱ्याचे पीएफ वेतन १०,००० रुपयांपर्यंत असेल तर दरमहा १,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे २०,००० पर्यंत २,००० रुपये आणि त्याहून अधिक, एक लाखापर्यंत असेल तर ३,००० रुपये मिळतात. हे प्रोत्साहन दोन वर्षे मिळते. उत्पादन क्षेत्राला ते तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही मिळते.

लहान उद्योगासाठी अट कोणती?

पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेने किमान दोन अतिरिक्त कर्मचारी नेमले पाहिजेत. पन्नास किंवा अधिक असतील तर पाच. हे कर्मचारी किमान सहा महिने टिकले पाहिजेत. म्हणजे एकाच पदवीधराला नोकरी देणाऱ्या मालकाला काही मिळत नाही. जुना माणूस काढून त्याच्या जागी नवा घेतला तरीही नाही, कारण मोजली जाते ती वाढलेली संख्या.

हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो?

समजा, भोसरीत २२ कामगारांचा सुट्या भागांचा कारखाना आहे. मालकाने दोन नवे अभियंते घेतले आणि प्रत्येकाचे पीएफ वेतन १५,००० रुपये ठेवले. पीएफमधील मालकाचा १२ टक्के हिस्सा, विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून सुमारे १३ टक्के, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे १,९५० रुपये जातात. सरकारकडून २,००० रुपये येतात. थोडक्यात, हे अनुदान पगार भरत नाही, नोकरी कागदावर आणण्याचा खर्च भरते. दोघांचे मिळून दोन वर्षांत ९६,००० रुपये होतात. कारखाना उत्पादन क्षेत्रातला असल्याने चार वर्षांत १,९२,०००.

येथे एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. हिशेब पीएफ वेतनावर, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर होतो. एकूण पगार २२,००० पण पीएफ ज्यावर कापला जातो ते वेतन १०,००० असेल, तर पहिल्या नोकरीचे प्रोत्साहनही १५,००० नव्हे, १०,००० रुपयेच मिळेल. नियुक्तीपत्र हातात आल्यावर एकूण आकड्याआधी हा आकडा पाहावा.

मग अडचण कुठे येते?

पीएफ कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. बारा जणांचे सॉफ्टवेअर कार्यालय, आठ जणांची सीए फर्म किंवा पंधरा जणांचे वर्कशॉप या चौकटीबाहेर असते. नव्या पदवीधरांपैकी अनेकांची पहिली नोकरी अशाच ठिकाणी असते. या आस्थापना स्वेच्छेने पीएफ नोंदणी करू शकतात. पण मग फक्त नव्या दोघांचा नव्हे, तर जुन्या पात्र कर्मचाऱ्यांचाही पीएफ सुरू करावा लागतो. दरमहा विवरणपत्र वेळेत भरावे लागते. तेवढ्यासाठी २,००० रुपये पुरेसे वाटत नाहीत. नव्याने नोंदणी करणाऱ्यांनी आपली मूळ कर्मचारी संख्या किती धरली जाईल, हेही योजनेच्या पोर्टलवर आधी तपासावे.

राज्याची योजना यापेक्षा वेगळी कशी?

राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली. १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन थेट बँक खात्यात मिळते. उद्योगांना मनुष्यबळाच्या १० टक्के, तर सेवा क्षेत्राला २० टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात. सुरुवातीला सहा महिन्यांचा असलेला कालावधी पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला.

मालकासाठी ही योजना सोपी आहे, कारण विद्यावेतन पूर्णपणे सरकार देते. पण प्रशिक्षणार्थी हा कर्मचारी नसतो. त्याला पीएफ किंवा किमान वेतन लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर नोकरीचा हक्कही राहत नाही. कायम करा, या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींनी आंदोलने केली, ती यामुळेच.

मालकाच्या बाजूने पाहिले तर अकराव्या महिन्यापर्यंत शून्य रुपये लागतात आणि बाराव्या महिन्यात १५,००० पगार अधिक १,९५० रुपये. लहान उद्योगाला ही उडी मोठी वाटते. त्यापेक्षा नवा प्रशिक्षणार्थी घेणे त्याला परवडते.

दोन्ही योजना जोडता येतात का?

प्रशिक्षणकाळात पीएफ खाते उघडलेले नसेल, तर तो तरुण त्यानंतरच्या पहिल्या नोकरीत ‘प्रथमच सदस्य’ ठरतो आणि इतर अटी पूर्ण केल्यास केंद्राच्या योजनेत बसतो. त्यासाठी यूएएन क्रमांक ‘उमंग’ ॲपवर चेहरा पडताळणी करून घ्यावा आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे.

पीएफच्या चौकटीबाहेरील आस्थापनांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्गही आहे. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ कर्मचारी असलेल्यांना ऐच्छिक. पदवीधर व पदविकाधारकांसाठीच्या ‘नॅट्स’ योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र देते. ‘नॅप्स’मध्ये केंद्राचा वाटा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये असतो.

अशा अनुदानाने नोकऱ्या टिकतात का?

याचे एक स्पष्ट उत्तर जॉर्डनमधून मिळते. तेथे २०१० नंतर सामुदायिक महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणींना चिठ्ठीने वेतन व्हाउचर देण्यात आली. त्यांना नोकरी देणाऱ्या मालकाला सहा महिने किमान वेतनाइतके, दरमहा १५० दिनार मिळत होते. व्हाउचर असताना नोकरीतील तरुणींचे प्रमाण झपाट्याने वाढले. मुदत संपल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. मालकांना कामाला माणूस हवा होता, पण फुकट असेपर्यंतच.

या अनुभवाच्या तुलनेत केंद्राची रचना सावध आहे. रक्कम कमी, मुदत लांब आणि पैसे नोकरी टिकल्यावर. पण ती लहानातल्या लहान आस्थापनेपर्यंत सहज पोहोचत नाही. राज्याची योजना विद्यावेतनाचा भार उचलते, पण नोकरीशी बांधलेली नाही. प्रशिक्षणानंतर कायम करणाऱ्या छोट्या मालकाला बाराव्या महिन्यापासून काही काळ उतरत्या दराने मदत मिळाली, तर मधली उडी कमी होईल. तोपर्यंत तरुणांनी नोकरी स्वीकारताना तीन प्रश्न विचारावेत : मी कर्मचारी आहे की प्रशिक्षणार्थी? माझा पीएफ किती रकमेवर कापला जाणार? आणि सरकारचे पैसे थांबल्यावर माझा पगार कोण देणार?