वारस कोण?

शोकांतिकेचा शेवट नायकाच्या मृत्यूने होतो, ही समजूत अपुरी आहे. ‘मॅकबेथ’मध्ये खुनी राजाचे शिर आणले जाते, तरी पडदा पडत नाही, डंकनचा पुत्र माल्कम राजा म्हणून घोषित होतो, तेव्हा कुठे प्रेक्षक निःश्वास सोडतो. हेच नाटक शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणले. माल्कमचा अधिकार केवळ रक्ताचा नाही. राजाला शोभणारे गुण तो मोजतो, त्यांत न्याय पहिला. हिरावलेला न्याय जो परत आणील, तोच हक्काचा वारस.

या कसोटीवर जुन्या आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहावे. ही कथा परक्यांची नव्हे. आपले किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. गोंड राजांची पहिली राजधानी येथील सिरपूर, असे परंपरा सांगते. पुढे ती बल्लारपूर व चांद्याला गेली. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य घेतले ते नागपूरकर भोसल्यांनी, हेही मराठी माणसाने विसरू नये. राजा गेला, निजामी अमलात रानावरचा हक्कही गेला. तो मागणारे कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे गोळ्यांना बळी पडले. राबणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, हे दुःख खोती सोसलेल्या कोकणाला समजावून सांगावे लागू नये.

भीम यांच्या बलिदानानंतर निजाम सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. सिंहासन नव्हते, पण गाऱ्हाणे ऐकणारे आसन होते. आणि स्वराज्यात? २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा तेरा. लोक कितीतरी अधिक सांगतात.

२०१६ मध्ये नव्या आसिफाबाद जिल्ह्याला भीम यांचे नाव मिळाले. मान उचित आहे. पण नावाने वारसा सिद्ध होत नाही. राजेशाही संपली, तेव्हा त्या गादीचे वारस आम्ही, म्हणजे हे प्रजासत्ताक, आहोत. माल्कमची परीक्षा आता आमची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात कसणाऱ्याचा हक्क मान्य केला. तो त्याच्या हाती पडेपर्यंत या शोकांतिकेवर पडदा टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.