कर आणि आपण : ज्या घरांना बिल येत नाही

मागच्या भागात नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या बिलातल्या ओळी आपण एकेक करून वाचल्या. या आठवड्यात, ज्यांच्या नावाने असं बिल निघतच नाही त्या घरांविषयी.

अमेरिकेत लाखो कुटुंबांचं घर स्वतःचं असतं, पण त्याखालची जमीन दुसऱ्याची. कारखान्यात तयार झालेलं घर ट्रकने आणायचं, वसाहतीच्या मालकाच्या जागेवर मांडायचं आणि दरमहा जागाभाडं भरायचं. पाणी-कचऱ्याचे आकार अनेकदा वेगळे. कॅलिफोर्नियात अशी घरं पूर्वी मोटारीसारखं वार्षिक शुल्क भरत. 1 जुलै 1980 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या घरांना मालमत्ता कर लागू झाला. आपल्याकडे मालमत्ता कराची कसोटी टिकाऊपणाची. मुंबईतल्या इंडियन ऑइलच्या टाक्या जमिनीत रोवलेल्या नव्हत्या, स्वतःच्या वजनावर उभ्या होत्या. तरी त्या कायम राहण्यासाठी उभारलेल्या आहेत, म्हणून मालमत्ता कराला पात्र ठरतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

या कसोटीत ऊसतोड कामगाराची कोपी बसत नाही. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडून टोळ्या निघतात आणि प्रवरानगरपासून मुळा कारखान्यापर्यंतच्या पट्ट्यात उतरतात. देवळाली प्रवराच्या शिवारातला ऊसही अशाच हातांनी तुटतो. बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी हंगाम संपला की मोडते. तिला घरपट्टी नाही, पाणीपट्टी नाही. पण नळ, संडास आणि दिवाही बहुतेक ठिकाणी नाही. ही करमाफी आहे असं मला म्हणवत नाही.

शिवाय या माणसांकडून काहीच वसूल होत नाही असंही नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल तोडणीतून फेडायची असते. बैलगाडी कारखान्याची असेल तर तिचं भाडं कापलं जातं. आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि तो बहुतेकदा दिवसाच्या कमाईपेक्षा जड असतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 273 वरून 366 रुपये झाला. खाड्यावर मात्र त्या वाढीने काही बंधन आलं नाही. तुमची घरपट्टी थकली तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, पण ती कायद्यात लिहिलेली आहे, बिलावर छापलेली आहे आणि तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो. खाड्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि त्याची पावती मिळत नाही.

याच माणसांच्या नावाने दोन ठिकाणी पैसे जमतात. पहिला रोजगार हमी कर. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी आपल्या बिलात तो पाहिला असेल. राहत्या घराला तो नसतो. 1972 च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या योजनेसाठी, म्हणजे दुष्काळी गावातल्या माणसाला गावातच काम मिळावं यासाठी तो आहे. ते काम पुरलं असतं तर इतकी कुटुंबं दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडली नसती. दुसरा निधी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असं ठरलं. एखाद्या कारखान्याने 5 लाख टन गाळप केलं तर त्याचा वाटा 50 लाख होतो. एवढ्यात कोप्यांच्या तळावर पाण्याची टाकी आणि बायकांसाठी संडास सहज उभे राहतात.

अडचण नोंदीची आहे. कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून, म्हणजे मूळ गावी मिळतं. घरपट्टीही तो तिथेच भरतो. वर्षातले पाच-सहा महिने तो जिथे राहतो, तिथल्या दप्तरात मात्र त्याचं नाव नसतं. टोळी उतरल्यावर कारखान्याने तिची यादी नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला द्यावी आणि महामंडळाच्या निधीतून त्या तळाचा पाणी-स्वच्छतेचा आकार थेट भरावा, असं मला वाटतं. कामगाराच्या हातात त्याची पावती हवी, म्हणजे टँकर आला नाही तर ती दाखवून त्याला विचारता येईल.

पुढच्या आठवड्यात पाणीपट्टी : मीटरची आणि ठोक दराची.