इंग्रजी वाक्प्रचार ‘कळला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज जड विषय नाही, असं संयोजकांनी सांगून टाकलंय. त्यांनी माझ्यावर जरा जास्तच विश्वास ठेवलाय. पण सुरुवात हलक्या गोष्टीनेच करतो.

मी संशोधन करत होतो तेव्हाची गोष्ट. प्रबंधाचं एक प्रकरण मी इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकांना पोस्टाने पाठवलं होतं. दीड-दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती. पहिलं, प्रकरण ‘क्वाइट गुड’ आहे. दुसरं, तिसऱ्या भागातला युक्तिवाद ‘बेग्ज द क्वेश्चन’. आता आम्हाला शाळेत शिकवलेलं, क्वाइट म्हणजे अगदी, पूर्णपणे. म्हणजे प्रकरण अगदी उत्तम! आणि दुसऱ्या वाक्याचा अर्थ मी लावला की माझा युक्तिवाद नवे प्रश्न उभे करतो. मी विभागात पेढे वाटले. आमच्या मार्गदर्शक सरांनी पत्र वाचलं, पेढा खाल्ला आणि म्हणाले, “पेढा छान आहे. प्रकरण मात्र पुन्हा लिहावं लागेल.”

हसू नका, चार महिने गेले त्यात.

झालं काय होतं? ‘क्वाइट राइट’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ या ठिकाणी क्वाइट म्हणजे खरंच ‘अगदी’. जे एक तर असतं किंवा नसतं, त्याला हा शब्द लागला की अर्थ पुरा होतो. पण ‘गुड’ कमी-जास्त असू शकतं. तिथे इंग्रज माणूस क्वाइट म्हणाला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘बरं आहे’, ‘ठीक आहे’ एवढाच. तेच अमेरिकन माणूस म्हणाला तर ‘चांगलंच आहे’ असा अर्थ निघू शकतो. म्हणजे शब्दकोशाने मला फसवलं नव्हतं. दोन्ही अर्थ कोशात होते. कोण बोलतंय आणि कशाबद्दल, हे मी विचारलं नव्हतं.

आपला एक समज असतो की शब्दांचे अर्थ ठाऊक असले की वाक्याचा अर्थ आपोआप मिळतो, किराणाच्या बिलाची बेरीज करावी तसा. तत्त्वज्ञानात हा विचार फ्रेगच्या नावाशी जोडला जातो, आणि बऱ्याच वाक्यांना तो लागूही पडतो. वाक्प्रचाराशी मात्र ही बेरीज अडते. आपल्याकडचंच बघा ना. ‘साहेबांनी त्याला नारळ दिला.’ सत्काराची बातमी असेल तर शाल कुठाय विचारा, आणि ऑफिसातली असेल तर त्याची नोकरी गेली! ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, पण ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हणजे झोप उडालेली. एका डोळ्याचे दोन झाले आणि अर्थ उलटा झाला. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे कसं समजावणार?

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे वाक्प्रचाराची जन्मकथा शोधणं. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’वर तुम्हालाही व्हॉट्सअ‍ॅप आलं असेल, की जुन्या इंग्लंडात गवताच्या छपरावर मांजरं-कुत्री झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. या गोष्टीला आधार नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली छापलेल्या पुस्तकात हा वाक्प्रचार आढळतो, छपरावरची मांजरं काही आढळत नाहीत. आणि समजा, गोष्ट खरी निघाली तरी काय? ती ऐकून तुम्हाला पावसाचा जोर कळेल का?

कधीकधी मात्र इतिहास उपयोगी पडतो. ‘बेग्ज द क्वेश्चन’ घ्या, माझं जुनं दुखणं. हा मुळात अॅरिस्टॉटलने दाखवलेला तर्कदोष. जे सिद्ध करायचंय तेच आधी मागून घ्यायचं. लॅटिनमध्ये त्याला ‘पेटिशिओ प्रिन्सिपिआय’ म्हणत. इंग्रजीत त्या ‘मागण्या’चं ‘बेग’ झालं, आणि ‘क्वेश्चन’ म्हणजे इथे प्रश्न नव्हे, तर वादातला मुद्दा. न्यायदर्शनातला ‘साध्यसम’ हा हेत्वाभास याच्या जवळपास जातो, हेतूच अजून सिद्ध व्हायचाय. ‘तो खोटं बोलणार नाही, कारण त्याने स्वतःच तसं सांगितलंय’ या धाटणीचं. लॅटिन नाव मला परीक्षेपुरतं पाठ होतं, बरं का. पण स्तुती वाचायच्या नादात इंग्रजी रूप ओळखलं नाही.

त्याहून गंमत ‘द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल’ची. हरलेल्या वादात माणसं हे वाक्य ढालीसारखं पुढे करतात. तुम्ही म्हणालात, सगळे कावळे काळे. मी पांढरा कावळा आणून दाखवला. तुम्ही म्हणता, “अपवादानेच नियम सिद्ध होतो!” अहो, अपवादाने नियम मोडला! काही जण सांगतात की इथे प्रूव्ह म्हणजे ‘कसोटी पाहणं’. ऐकायला बरं वाटतं, पण याचं मूळ कायद्यात आहे. इसवीसनपूर्व ५६ मध्ये सिसेरोने बाल्बस नावाच्या माणसाच्या रोमन नागरिकत्वाचा बचाव केला. त्याचा मुद्दा असा : काही जमातींशी झालेल्या तहांत ‘यांच्या लोकांना नागरिकत्व देऊ नये’ असं स्पष्ट कलम आहे. मग जिथे ते कलम नाही, तिथे देता येतं, हे उघड आहे.

पुण्याच्या मंडळींना हे लगेच पटेल. ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद’ अशी पाटी दिसली तर तुम्ही काय समजता? की एरवी दुकान उघडं असतं. तो नियम पाटीवर कुठेच लिहिलेला नाही, अपवाद सांगितल्यामुळे तो कळतो. अपवाद नियम सिद्ध करतो तो असा. पांढरा कावळा ही पाटी नव्हे.

आणि अर्थ चुकला तर पेढेच वाया जातात असं नाही. १९४१ च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी युद्धाच्या योजनेसाठी बसले. ब्रिटिशांना एक कागद ‘टेबल’ करायचा होता, म्हणजे तातडीने चर्चेला घ्यायचा. अमेरिकन इंग्रजीत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवून देणं. दोघांनाही चर्चा हवीच होती, तरी त्यावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असं चर्चिलने आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहिलंय. आपण कागदपत्रं ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतो तो ब्रिटिश वारसा.

विट्गेन्स्टाइनचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. बऱ्याच ठिकाणी शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा वापर, हे त्यात तो सांगतो. वर्गात मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. पण ते मला पहिल्यांदा कळलं ते त्या पत्रामुळे.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : “हल्ली वर्तमानपत्रात ‘बेग्ज द क्वेश्चन’ म्हणजे ‘प्रश्न उभा राहतो’ असंच असतं. मग तुमचा अर्थ चुकीचा कसा?” ताई, बातमीत तो अर्थ आता रुळलाय, त्याच्याशी भांडण्यात हशील नाही. पण मला ते पत्र लिहिणारा माणूस तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता आणि एका युक्तिवादाबद्दल बोलत होता. तिथे जुनाच अर्थ. तुम्हाला स्वतःला लिहायचं असेल तर ‘रेझेस द क्वेश्चन’ लिहा, कुणाचाच घोटाळा होणार नाही.