ऑपरेशननंतर आतडी का चिकटतात?



आम्ही उसाची माणसे. पण गटात फिरताना "ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तरी पोट दुखतंच" ही तक्रार वरचेवर कानी येते. आतडी चिकटणे हे त्याचे एक कारण असू शकते.

कलम करताना दोन फांद्यांची साल तासून घट्ट बांधली की त्या जुळतात. पोटातही तसेच होते. आतड्यांवरचे गुळगुळीत आवरण शस्त्रक्रियेत खरचटले, कोरडे पडले वा रक्त साचले, की तेथे फायब्रिनचा चिकट थर जमतो. दोन-तीन दिवसांत तो विरघळला तर ठीक. नाहीतर आठवडाभरात पक्के तंतू तयार होतात.

हे टाळणे बहुतांशी सर्जनच्या हाती. हलका हात, रक्तस्राव वेळीच थांबवणे, आवरण ओले राखणे, बिनपावडरीचे हातमोजे आणि जमेल तेथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, यांनी धोका घटतो.

आपल्या हाती एकच, पण मोठी गोष्ट: नको ते ऑपरेशन टाळणे. बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासकीय समितीने चौकशी केली, हे विसरू नका. तातडीची वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

पूर्वी ऑपरेशन झालेल्या माणसाला पोटात कळा, उलट्या, पोट फुगणे, वारा न सरणे अशी लक्षणे दिसली, तर गॅस समजून एरंडेल पाजू नका. आतड्याला पीळ वा अडथळा असू शकतो. घरचा माणूस असो वा टोळीतला, तत्काळ दवाखाना गाठा. तोड एक दिवस थांबली तरी चालेल!