गिरमिटाला मुदत होती

मॉरिशसमधील मराठी माणसे आपल्या पूर्वजाचे गाव शोधीत महाराष्ट्रात येतात, तेव्हा आपल्याकडे त्यांचे मोठे कौतुक होते. सातासमुद्रापार मराठी बाणा कसा टिकला, यावर भाषणे होतात. पण तो पूर्वज मुळात गेला का, आणि त्याच्यासारखाच जो गेला नाही त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मी त्या न गेलेल्याचा नातू आहे, म्हणून मला ते विचारावेसे वाटते.

मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला आले. तेव्हापासून 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले थोडेच. मराठी मुलखातले हे लोक मुख्यतः कोकणातले, काही घाटावरचे; त्यांत कुणबी होते, मराठे होते, महारही होते. करार, म्हणजे गिरमिट, पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही फोटो चिकटवलेला दाखला जवळ बाळगावा लागे. नसला की भटक्या म्हणून अटक. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने या जुलमाविरुद्ध अर्ज केला, त्यावर नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला.

हे सगळे क्रूर होते. पण आमच्या बाजूने पाहिले की एक फरक दिसतो. गिरमिटाला पाच वर्षांची मुदत होती. महारकीच्या वतनाला मुदत नव्हती.

माझे आजोबा पारनेर तालुक्यातल्या एका गावात येसकर होते. दवंडी देणे, सारा पोचवणे, आलेल्या अंमलदाराचा बोजा वाहणे, मेलेले ढोर ओढणे. वेळ रात्रीची की दिवसाची, हे हुकूम देणारा ठरवी. मोबदला म्हणजे हाडोळ्याचा तुकडा, बलुते आणि शिळी भाकर. घरचा पुरुष नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मॉरिशसच्या मळ्यात एका माणसाचा करार होता. इथे न जन्मलेल्या पोराचाही होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. डिसेंबर 1939 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, हरेगावला, वतनदार महार-मांगांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कायद्याने वतन गेले ते 1958 नंतर. मॉरिशसच्या मळ्यांवरून गिरमिट त्याच्या कितीतरी आधी उठले होते.

समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, ही धास्ती ज्यांच्याजवळ बुडण्यासारखे काही होते त्यांची. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा शास्त्रार्थ नडला नसावा. जात मात्र बोटीत बुडाली, असे मी म्हणणार नाही. लग्नात आणि राजकारणात ती त्या बेटावरही पोचली. तरी मजुरांच्या चाळीत एका रांगेत राहणे आणि पाणी निराळे नसणे, याचा अर्थ आमच्या माणसाला काय वाटला असेल, हे सांगायला नको. 1880 च्या सुमारापासून मळेवाल्यांनी जमिनी तुकड्यांनी विकायला काढल्या आणि सुटलेल्या हिंदी मजुरांनी त्या घेतल्या. इथे हाडोळा विकतही घेता येत नव्हता, कारण तो गुलामीबरोबरच मिळे.

आता कागदाविषयी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची रजिस्टरे जपलेली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज. पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोही. बाईला स्वतःचा नंबर असे. ती कोणाची तरी बाई म्हणून नुसती मोजली जात नसे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आणि आज्याचे ते एकेरी नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले. आमच्याकडेही तसेच. माझ्या वडिलांना शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव पुरे केले. पण आजोबांचा फोटो नाही आणि त्यांची उंची कोणी मोजली नाही. आजीचे माहेरचे नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. ज्या सरकारने मजूर म्हणून माणूस मोजला त्याने तो मालासारखाच मोजला, हे खरे. पण मालाची नोंद तरी राहिली.

माझ्या वर्गातली मुले दरवर्षी जातीच्या दाखल्यासाठी आज्याचा कागद शोधत फिरतात. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. मी त्यांना सांगतो: आज्याच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा, तहसिलीत कोतवाल बुक पाहा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. घराण्यातले कोणी ख्रिस्ती झाले असेल तर बाप्तिस्म्याच्या वह्या विचारा. भाऊबंदांत कोणी पलटणीत होता का, तेही विचारा. ओळ सापडली की मुले जातीच्या रकान्याची नक्कल घेऊन जातात. मी म्हणतो, त्याच ओळीतले नावही उतरवून घ्या, आणि आजीचे असेल तर तेही.